मोकळं होण्याचा हिशेब

हसमुखभाई पारेखांनी आयसीआयसीआयमधली कारकीर्द संपवली आणि १९७७ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मुंबईत एचडीएफसी उभी केली. पगारदार माणसाला उमेदीच्या काळात घर घेता यावं आणि त्याचे पैसे त्याने पुढे पगारातून फेडत जावेत, इतकी साधी त्यामागची कल्पना होती. तोवर मध्यमवर्गीय मराठी माणसाचं घर बहुधा नोकरीच्या शेवटी व्हायचं. हयात चाळीत, वाड्यातल्या दोन खोल्यांत नाहीतर सरकारी क्वार्टरमध्ये काढायची, आणि फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे हातात पडले की गावाकडे किंवा शहराच्या कडेला चार खोल्या बांधायच्या. ज्या मुलांसाठी त्या बांधल्या ती मुलं तोवर नोकरीनिमित्त दुसरीकडे गेलेली असत. गृहकर्जाने हा क्रम उलटा केला. घर तिशीत आलं, मुलं त्यात वाढली, आणि किंमत पन्नाशीपर्यंत फेडत राहायचं ठरलं. हा बदल मला मोलाचा वाटतो. पण त्यासोबत एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपलं पुरेसं लक्ष गेलं नाही. पूर्वी नोकरी गेली तर पगार जायचा. आता नोकरी गेली तर घरही जाईल की काय, ही धास्ती त्याच दाराने आत आली.

पंचेचाळिशीत किंवा पन्नाशीत काम थांबवण्याचं स्वप्न आज पुण्या-मुंबईतल्या असंख्य घरांत पाहिलं जातं. ते याच धास्तीच्या पोटी जन्मलेलं आहे, असं माझं मत आहे. ज्याला तिशीतच वीस वर्षांचा हप्ता लागतो, त्यालाच वेळेआधी सुटण्याची ओढ लागते. त्याच्या आधीच्या पिढीला लवकर निवृत्ती ठाऊक होती ती व्हीआरएस या नावाने, आणि ते नाव घरात आलं की सगळे गप्प व्हायचे. गिरणगावाने ते अनुभवलं, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी अनुभवलं, २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून लाखभर माणसं त्याच योजनेखाली बाहेर पडली. हातात एकदम मोठी रक्कम यायची आणि तिचं काय करायचं हे शिकायला सवडच मिळायची नाही. मुलीचं लग्न, गावचं घर, भावाची उधारी, आणि दोन-तीन वर्षांत पासबुक रिकामं. आज जी माणसं स्वतःहून, आधी पंधरा वर्षं हिशेब मांडून बाहेर पडण्याची तयारी करताहेत, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी हे जवळून पाहिलेलं आहे. त्यांच्या हिशेबीपणाला हावरेपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरं कारण पेन्शनचं. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले ते त्याचसाठी. खासगी नोकरीत तर ती कधी नव्हतीच. तिथे कर्मचारी पेन्शन योजनेचं जे सूत्र बहुतेकांना लागू होतं त्यात पगार १५,००० रुपयेच धरला जातो, आणि तीस वर्षं नोकरी करूनही महिना साडेसहा-सात हजारांच्या वर फारसं काही येत नाही. त्यावर महागाई भत्ता नाही. सरकारी नोकरीतल्या वडिलांच्या पेन्शनमध्ये भत्त्याची वाढ दर सहा महिन्यांनी आपोआप यायची. महागाईशी झुंजण्याचं काम सरकार करत होतं. मुलाच्या हिशेबात ते काम मुलालाच करायचं आहे. सहा टक्के महागाईने बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, हे वडिलांना कधी मोजावं लागलं नाही.

तेव्हा हिशेब मांडणं आलंच. तो कसा मांडावा याचं एक चांगलं रूप अमेरिकेतून आलेलं आहे. जो डोमिंग्वेझ हा वॉल स्ट्रीटवरचा विश्लेषक एकतिसाव्या वर्षी नोकरीतून बाहेर पडला, आणि पुढे १९९२ मध्ये विकी रॉबिनसोबत त्याने एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी वाचकांना भिंतीवर एक मोठा तक्ता लावायला सांगितला. दर महिन्याला त्यावर तीन ठिपके द्यायचे: एक मिळकतीचा, एक खर्चाचा आणि एक गुंतवणुकीतून येणाऱ्या उत्पन्नाचा. तिसरी रेघ वर चढत चढत ज्या दिवशी खर्चाच्या रेघेला ओलांडेल त्या दिवशी नोकरी करणं ऐच्छिक झालं. आज एक्सेल आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये जे चालतं त्याचं मूळ या तक्त्यात आहे. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती भिंत. तक्ता कपाटात नव्हता, येताजाता सगळ्यांना दिसेल असा होता.

आपल्याकडे अशी भिंत होतीच. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचा हिशेब असायचा, गॅस कधी लावला त्याची तारीख असायची, बाईचे खाडे, भिशीचा नंबर, पेपर न आलेले दिवस, सगळं. लिहायची आई, पण वाचायचे सगळे. महिन्याला किती लिटर दूध लागतं हे शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असे. घराचा हिशेब तिथून उठून एका माणसाच्या लॅपटॉपमध्ये गेला, तेव्हा तो जास्त अचूक झाला हे खरं. पण तो एकट्याचा झाला, आणि या सगळ्या प्रकरणात खरी गडबड इथूनच सुरू होते असं मला वाटतं. त्याकडे येण्याआधी कर्जाचा कागद नीट वाचायला हवा.

पन्नास लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षं मुदत. हप्ता बसतो ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ३५,४१७ रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दलातून कमी होतात ते ७,९७४. पाच वर्षं न चुकता भरलं, म्हणजे २६ लाख गेले, तरी शिल्लक मुद्दल ४४ लाखांच्या वरच. अर्धं मुद्दल फिटायला तेरा वर्षं दहा महिने लागतात. वीस वर्षांत एकूण भरणा होतो एक कोटी चार लाखांचा. यात बँकेची काही लबाडी नाही, घटत्या शिलकीवरच्या व्याजाचं गणितच असं चालतं. पण ज्या घराला हे आधी कुणी समजावून सांगितलेलं नसतं, ते पाचव्या वर्षी कागद पाहतं आणि खचतं. इतकी वर्षं पोटाला चिमटा घेतला आणि कर्ज आहे तिथंच आहे, असं वाटतं. बहुतेक घरं हिशेब ठेवणं सोडतात ते नेमकं या टप्प्यावर. सोडून चालत नाही, कारण सुरुवातीच्या याच वर्षांत जादा भरलेला रुपया सर्वांत जास्त काम करतो. याच कर्जात दरवर्षी एक हप्ता जास्त भरला, बोनस किंवा दिवाळीचे पैसे वळवून, तर मुदत तीन वर्षांहून अधिक घटते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकांना २०१२ पासून लावता येत नाही.

आणि दर बदलतो, हे विसरून चालत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या निर्देशक दराशी बांधलेली असल्यामुळे ती वाढ थेट कर्जदारापर्यंत आली. २०२२ च्या सुरुवातीला पावणेसात टक्क्यांनी पन्नास लाख घेतलेल्या घराचा हप्ता होता ३८,०१८. वर्षभराने दर सव्वानऊ झाला तेव्हा शिल्लक मुद्दलावरचं महिन्याचं व्याजच ३७,६०० च्या घरात गेलं. म्हणजे तोच हप्ता भरत राहिलं तर महिन्याला मुद्दल फिटणार चारशे रुपये, आणि कर्ज संपायला जवळजवळ एकोणपन्नास वर्षं. हे टोकाचं उदाहरण झालं, इतक्या लांब बँका जाऊ देत नाहीत. पण हप्ता न वाढवता मुदत लांबवण्याचा रस्ता सर्रास धरला गेला, आणि खात्यातून जाणारी रक्कम तीच राहिल्यामुळे कितीतरी घरांत काही बदललं आहे याचा पत्ताच लागला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. आणि दर तिमाहीला आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, किती हप्ते उरले, हे दाखवणारं विवरण त्याला मिळालं पाहिजे. ते विवरण बँकेच्या ॲपमध्ये असतं. ‘उरलेले हप्ते’ हा त्यातला एक आकडा दर तीन महिन्यांनी पाहिला तरी पुष्कळ झालं.

आता नेहमीचा प्रश्न: हाताशी आलेले पैसे कर्जात भरावेत की गुंतवावेत? अमेरिकेतला चुलतभाऊ फोनवर सांगतो की कर्ज फेडण्याची घाई करू नको, शेअर बाजारात लाव. त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. तिथे तीस वर्षांसाठी दर एकदाच ठरतो आणि बदलत नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिथला सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. त्या दराने पैसे मिळालेल्या माणसाने ते सावकाश फेडावेत हेच शहाणपणाचं. आपला दर त्याच्या तिप्पट आणि वर तो हलता. साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे साडेआठ टक्के हमखास, करमुक्त मिळवणं. आपल्याकडे पीपीएफ आज ७.१ टक्के देतो आणि २०२४-२५ साठी भविष्य निर्वाह निधीचा दर ८.२५ टक्के होता. बाजारातून बारा टक्के मिळतीलही, पण ते ‘मिळतील’ या क्रियापदावर उभे आहेत. शिवाय करसवलतीसाठी कर्ज चालू ठेवण्याचा जुना सल्लाही आता फारसा टिकत नाही, कारण नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट मिळत नाही.

तरीही कर्जावर तुटून पडा असं मी सरसकट म्हणणार नाही. कारण एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही, ती प्रत्यक्षात जाणवते. समजा वर सांगितलेल्या घराकडे पाच वर्षांनी फंड, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून तीस लाख आहेत. घरखर्च साठ हजार आणि हप्ता, मिळून महिन्याला एक लाख तीन हजार लागतात. म्हणजे पगार थांबला तर हे घर एकोणतीस महिने तग धरेल. आता त्यातले दहा लाख काढून कर्जात भरले. पासष्ट हप्ते वाचले, पाच वर्षं पाच महिन्यांची मुदत कमी झाली, आनंदाची गोष्ट. पण पुढच्या महिन्याचा हप्ता तेवढाच राहिला आणि हाताशी उरले वीस लाख, म्हणजे एकोणीस महिने. तुम्ही गेल्या वर्षी दहा लाख आगाऊ भरलेत म्हणून नोकरी गेल्यावर बँक तीन महिने थांबत नाही. हिंजवडीत नोकरकपातीची बातमी येते तेव्हा रात्री झोप लागते की नाही, हे त्या एकोणतीस आणि एकोणीसच्या फरकावर ठरतं. त्या घराने मुदतीऐवजी हप्ता कमी करून मागितला असता तर तो साडेतेहतीस हजारांच्या आसपास आला असता आणि महिने झाले असते एकवीस. आणि ज्या दिवशी कर्ज पूर्ण संपेल त्या दिवशी हाताशी असलेले तेच तीस लाख पन्नास महिने पुरतील.

म्हणून प्रगती मोजायची तर ती महिन्यांत मोजावी असं मी सुचवतो. पगाराशिवाय हे घर किती महिने चालेल? कर्ज आणि पुंजी हे दोन वेगळे आकडे दोन वेगळ्या ॲपमध्ये पाहत बसण्यापेक्षा हा एक आकडा दोघांनाही सामावून घेतो, आणि तो सासूबाईंनाही कळतो. तीस लाख ही रक्कम घरातल्या किती जणांच्या मनात उतरते? ‘चार वर्षं’ मात्र चटकन समजतात.

वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी झाली की पुरे, हा नियम आता सगळ्यांना पाठ झाला आहे. विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून तो काढला, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. पासष्टाव्या वर्षी थांबणाऱ्या माणसाचा तो हिशेब. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला पंचेचाळीस वर्षं काढायची असतात, आपली महागाई वेगळी, आणि म्हातारपणी आधार देणारी तिथल्यासारखी सामाजिक सुरक्षा आपल्याकडे नाही. तीसपट, तेहतीसपट धरणारे लोक घाबरट नसतात.

या गुणाकारात दोन चुका वारंवार दिसतात. एक म्हणजे हप्ता धरून खर्चाला पंचवीसने गुणणं. हप्ता एक दिवस संपणार आहे, त्याला जन्मभराच्या खर्चात धरलं की लक्ष्य अकारण आवाक्याबाहेर जातं आणि माणूस नाद सोडतो. दुसरी चूक उलट दिशेची: राहत्या फ्लॅटचा बाजारभाव पुंजीत मिळवणं. शेजारच्या विंगमधला फ्लॅट एक कोटी दहाला गेला म्हणून आपली पुंजी वाढली, असं मानणारी घरं मी पाहिली आहेत. त्या फ्लॅटमधून भाजी विकत घेता येत नाही. उलट तो पैसे मागतो. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकतकर, लिफ्ट बदलण्यासाठीची वर्गणी, गळती, आणि इमारत तीस-पस्तीस वर्षांची झाली की पुनर्विकासाची चर्चा, दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढण्याची तयारी. कर्ज फिटलं की घराचा खर्च संपतो, या समजुतीने निवृत्तीची तारीख ठरवणाऱ्याला हे सगळं साठीनंतर गाठतं, तेव्हा पगार नसतो.

माझ्या ओळखीत वारज्यात राहणारं एक जोडपं आहे. तो हिंजवडीत संगणक कंपनीत, ती एका खासगी कंपनीत लेखापाल. मुलगी आठवीत. घर दोघांच्या नावे. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण त्यांनी घेतलं ते त्याच्या आधी आणि दोघांच्या पगारावर कर्ज मिळावं म्हणून दोघांची नावं लावली. इंडेक्स टूवर तिचं नाव आहे, हप्त्यात तिचा पगार आहे. निवृत्तीचा तक्ता मात्र त्याचा. अतिशय मन लावून केलेला. खर्चाचे रंगीत रकाने, उरलेले हप्ते, फंडाची वाढ, आणि शेवटी एक तारीख: तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होईल तो महिना. घरखर्च साठ हजार, त्याच्या तीसपट म्हणजे दोन कोटी सोळा लाख.

एका रविवारी त्याने तो तक्ता तिला दाखवला. तिने तो लेखापालाच्या नजरेने वरून खाली वाचला आणि विचारलं, “अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तू मोकळा होणार. मी कधी?”

तो म्हणाला की दोघंही, तूही नोकरी सोडू शकशील की. तिने घरखर्चाच्या रकान्यावर बोट ठेवलं. साठ हजारांत वाणी, भाजी, वीज, शाळा, पेट्रोल, सगळं होतं. स्वयंपाक नव्हता, कारण तो ती करते. गावाहून आता कायमच्या राहायला येणार असलेल्या त्याच्या आईची देखभाल नव्हती, कारण तीही तीच करणार असं न बोलता ठरलेलं होतं. साठ हजारांत घर चालतं ते तिने रोज चार-पाच तास फुकट घातल्यामुळे.

हे एकट्या त्यांच्याच घरात घडत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं. हा फरक निवृत्तीच्या कुठल्याही तक्त्यात येत नाही, आणि तो न आल्यामुळेच तक्ते इतके आशादायक दिसतात. काटकसर करून लवकर मोकळं होणाऱ्या घरांच्या कहाण्या मी आवडीने वाचतो. त्यात बाहेरचं जेवण बंद केलं, बाई काढून टाकली, लोणची-पापड घरी केले, असं हटकून असतं. हे वाचवलेले पैसे कुणाच्या हातांनी वाचले हे मात्र लिहिलेलं नसतं. एकाचं काम अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबावं म्हणून दुसरीचं काम पंचाहत्तरीपर्यंत चालू राहणार असेल, तर त्या घराने कर्ज फेडलं नाही, कर्जदार बदलला. हप्ता आता ती भरते, आणि तिच्या हप्त्याला शेवटची तारीख नाही.

म्हणून एकट्याच्या लॅपटॉपमधला हिशेब मला अपुरा वाटतो. त्याच्या गणितात खोट होती असं नाही, गणित चोख होतं. पण हिशेब मांडणाऱ्याला जे फुकट मिळतं ते त्याला दिसत नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. दुसऱ्या माणसाने तोच कागद वाचला की एका प्रश्नात दिसतं. कालनिर्णयच्या चौकटींत बाईचे खाडे लिहिलेले असत, कारण ज्या दिवशी बाई येत नसे त्या दिवशी भांडी कोण घासतं हे लिहिणारीला ठाऊक होतं.

त्या दोघांनी तक्ता पुन्हा मांडला, या वेळी जेवणाच्या टेबलावर, मुलगीही शेजारी बसलेली. दोन वेळच्या स्वयंपाकाला महिना सहा हजार; वर्षाचे बहात्तर हजार, तीसपट केल्यावर एकवीस लाख साठ हजार. आईंसाठी दिवसाची मदतनीस, महिना चौदा हजार, हे जन्मभर नाही म्हणून गुणाकारात न घेता आठ वर्षांची वेगळी तरतूद, तेरा-साडेतेरा लाख. मिळून पस्तीस लाख. तारीख दोन वर्षांनी पुढे गेली. त्याला आधी वाईट वाटलं, ते स्वाभाविक होतं. इतकी वर्षं तो त्या एका महिन्याकडे डोळे लावून बसला होता. पण नव्या तक्त्यात दोन नावांसमोर दोन तारखा आहेत. तिने आपली तारीख त्याच्याआधी दीड वर्ष घेतली. तिला कर सल्लागार म्हणून स्वतःची थोडी कामं घ्यायची आहेत, आणि पगारापासून सुटका तिला त्यासाठी हवी आहे. मुलीने विचारलं की माझ्या कॉलेजचे पैसे कुठे आहेत, तेव्हा आणखी एक रकाना वाढला.

कर्ज फिटलं की काय करायचं तेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. संपूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं बँकांवर बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये कर्जदाराला मिळतात. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. सोसायटीच्या नोंदीतला बोजा उतरवून घ्यायचा, नॉमिनेशन तपासायचं. आणि कागद कुठल्या कपाटात आहेत हे तिघांनाही ठाऊक असायला हवं.

शेवटचा रकाना तिने सुचवला. स्वयंपाकाला ज्या ताई येणार त्या पस्तिशीच्या आहेत, चार घरी काम करतात. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, तरी त्यांना फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. ज्या पंधरा वर्षांत हे जोडपं मोकळं होण्याची तयारी करणार, त्याच पंधरा वर्षांत त्या पन्नाशीला पोचतील आणि गुडघे दुखत असले तरी तिसरा मजला चढतील. अटल पेन्शन योजनेत पस्तिसाव्या वर्षी नाव घातलं तर साठीनंतर महिना पाच हजारांसाठी दरमहा ९०२ रुपये भरावे लागतात. पंचवीस वर्षांचे मिळून दोन लाख सत्तर हजार होतात. पंचवीस वर्षांनंतर पाच हजारांत फार काही येणार नाही हे तिला ठाऊक आहे, तिचा पेशाच तो. पगाराव्यतिरिक्त ही रक्कम आपण भरायची, आणि आपली नोकरी थांबल्यावरही त्यांच्या साठीपर्यंत भरत राहायची, असं त्यांनी ठरवलं. त्या दोघांच्या बचतीच्या वेगाने तारीख आणखी दोनेक महिने पुढे सरकली.